जालन्याकडचा ओला-सुका गांजा

गेल्या माघात मी पंधरा दिवस निजामाच्या मुलखात जाऊन आलो. परत आल्यापासून नगरला आमच्या आळीत मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला मोठ्याने: तिकडे काय काय पाहिलंत? दुसरा जरा जवळ येऊन: तुमच्या कोटाला हा वास कसला? पहिल्याचं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. वेरूळ मी पाहिलं नाही. दौलताबादचा किल्ला आगगाडीच्या खिडकीतून दिसला तेवढाच. मी पाहिला तो गांजा. ओला, सुका, चिकट, भुसभुशीत, आणि तो ओढणारी माणसं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

मी स्वतः चिलीम कधी ओढलेली नाही. पण वडील नगरच्या गांजाच्या वखारीत तीस वर्षं तोलणारे होते, आणि लहानपणापासून माल हाताळून माझ्या बोटांना त्याची ओल कळते. औरंगाबादच्या एका शेठांकडे जालन्याच्या बाजूच्या पाच-सहा परवान्याच्या दुकानांचा मक्ता आहे. त्यांनी वडिलांना बोलावणं धाडलं होतं. गिऱ्हाइकं कुरकुर करतात, एक म्हणतो माल म्हणजे भुसा, दुसरा म्हणतो चिखल. येऊन एकदा बघून जा. वडिलांचे गुडघे धरलेले, म्हणून मी गेलो.

ज्या गावात खरी हकिकत घडली त्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि तिथल्या माणसांची नावंही बदलली आहेत. कारण वाचणाऱ्याला पुढे समजेलच.

टोक्यापलीकडे

टोक्याजवळ गोदावरी ओलांडली की निजामाचं राज्य. माती तीच, बाभळी त्याच, पण पाट्यांवर उर्दू, आणि खिशातला आपला रुपया अचानक परदेशी होतो. जकातीला तिकडे करोडगिरी म्हणतात. नाक्यावर माझी वळकटी सोडवली गेली. आईने वाटेसाठी भाकरी, चटणी आणि सुकवलेल्या मेथीची पुरचुंडी बांधून दिली होती. शिपायाने पुरचुंडी सोडली, चिमूटभर पाला तळहातावर चोळला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भांग?"

"मेथी आहे. भाजीची."

"भांग भी भाजीच असते," तो म्हणाला आणि त्याने आणखी दोघांना बोलावलं. तिघांनी चोळून पाहिलं. एकाचं मत पडलं की भांगेचा पाला इतका चुरत नाही. दुसऱ्याचं मत, जुनी असली की चुरते. शेवटी मला मूठभर मेथी त्यांच्यासमोर कोरडीच खायला लावली आणि मी तासाभरात बडबडायला लागतो का हे पाहत बसले. मी बडबडलो नाही. मला सोडलं. ज्या कामासाठी निघालो होतो त्याची सुरुवात अशी नाक्यावरच झाली.

औरंगाबादेत शेठांनी जेवू घातलं आणि खरं काम तिथे सांगितलं. जालन्याचं मस्तगडातलं दुकान बघायचंच, पण त्यांचा मुख्य संशय केदारखेड्यापासून दोन कोसांवरच्या एका दुकानावर होता. तिथला दुकानदार वजन वाढावं म्हणून मालावर पाणी शिंपडतो, अशी तक्रार आली होती.

"शिंपडत असेल तर दुकान काढून घेतो," शेठ म्हणाले. "तुम्ही फक्त हो की नाही तेवढं सांगा."

मला ते सोपं वाटलं.

मस्तगड

जालना हे व्यापाराचं गाव. स्टेशनापासून टांग्याने शहरात शिरलं की सरकीचा वास येतो आणि मस्तगडात पोचेपर्यंत तो पाठ सोडत नाही. शेठांचं दुकान तिथल्या एका अरुंद बोळात होतं. चालवणारे उस्मानभाई पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. पहिल्यांदा त्यांनी मला चहा दिला, मग गुळाची रेवडी, आणि मग म्हणाले, "मुनशीजी, आज तुम्ही काही बोलू नका. फक्त बसा आन् बघा."

आमच्याकडे गिऱ्हाईक पैसे टाकतं, दुकानदार पुडी टाकतो, संपलं. जालन्यात गिऱ्हाईक आधी तळहात पुढे करतं. दुकानदार त्यावर एक कळी ठेवतो. गिऱ्हाईक ती अंगठ्याने चोळतं, पसंत पडली तर घेतं, नाही तर तळहात पालथा करून परत देतं. यात कोणालाही अपमान वाटत नाही. साडी घेताना बायका पोत बघतात तसंच ते.

उस्मानभाईंकडे तीन भांडी होती. पत्र्याच्या डब्यात कोरडा माल, मातीच्या मडक्यात मधला, आणि चामड्याच्या पिशवीत ओलसर. गिऱ्हाईक उंबऱ्यावर दिसलं की त्यांचा हात बरोबर त्या भांड्याकडे जायचा.

पहिला आला एक साळी. त्याला कोरडाच लागतो, इतका कोरडा की बोटात धरताच चुरा व्हावा. "चिकट माल चोळला का बोटं चिकट होतेत," तो मला म्हणाला. "मंग ते सुताला लागतं. मागावर सारा दिस धागा बोटाला धरून राह्यतो." त्याच्या मागून एक पेन्शनर हवालदार आले. त्यांना खोकला. कोरडा गांजा घशाला ओरबाडतो म्हणून त्यांना असा ओलसर हवा की चाकूने कापावा लागेल. ते आपला चाकूही घेऊन आले होते आणि तो उगाळलेल्या चंदनाच्या खोडासारखा जपून फडक्यात गुंडाळलेला होता. टांगेवाल्याला मधला. टांग्यावर बसून चोळताना कोरडा वाऱ्याने उडतो आणि ओला चोळायला दोन हात लागतात, घोड्याचा लगाम एका हातात असतो.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. वखारीत आमच्याकडे एकच माप होतं. चिमटीत दाबलेली कळी सोडल्यावर हळूहळू मूळ आकाराला यावी, तो उत्तम माल. त्या मापाने मी मडक्यातली सर्वांत सुरेख कळी निवडली आणि साळी आला तेव्हा मोठ्या अभिमानाने, वडिलांचं नाव सांगून, त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती चोळली, अंगठ्याकडे पाहिलं आणि तळहात पालथा केला.

"चांगला हाय," तो म्हणाला. "पर हा तुमच्या वडलाचा गांजा झाला. माझा न्हाई."

उस्मानभाई हसले नाहीत. संध्याकाळी जेवायला घरी घेऊन गेले, येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी समोर आली. येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. ते कालवून आमटी करतात, तिखट इतकी की आमच्याकडे तिला औषध म्हटलं असतं. जेवताना ते म्हणाले, "कोरडा-ओला बरोबर कुणाचं असं न्हाई मुनशीजी. ज्याच्या त्याच्या कामाचं असतं. पण दुकानदाराला मात्र बिलकुल कळलं पाहिजे की हातात काय हाय. त्याला न्हाई कळलं, की खेळ खलास."

मग मी त्या खेड्यातल्या दुकानदाराबद्दल विचारलं. "लक्ष्मणअप्पा? तो पाणी शिंपडणारा माणूस न्हाई. पण यंदा त्याच्याकडून परत आलेला माल मीबी पाहिला. वल्ला होता." इतकं बोलून त्यांनी आणखी आमटी वाढली.

राजूरच्या वाटेवर

केदारखेड्याकडे जायला छकडा ठरवला. गाडीवान किसन मधल्या वयाचा, बोलका. जालन्यातून निघालं की रान मोकळं होतं. काळी माती, शाळूची उभी कणसं, मधूनच करडईची पिवळी पट्टी. ऊन चढेपर्यंत गारठा होता आणि बैलांच्या नाकातून वाफ निघत होती.

राजूरच्या अलीकडे एका शेतात हुरडा भाजत होते. वाटसरूला हाक मारायची तिथे रीत आहे; न थांबणं हा उद्धटपणा. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात खुपसून लगेच तळहातावर चोळतात, दाणे मोकळे होतात, फुंकर मारली की कोंडा उडतो. मी चोळायला घेतलं आणि तळहात पोळून कणीस टाकून दिलं. सगळे हसले. शेतकऱ्याच्या बायकोने माझ्यासाठी चोळून दिलं, बरोबर लसणाची चटणी आणि गूळ.

"आराची सवय लागते हाताला," किसन म्हणाला. "आमच्या लक्ष्मणअप्पाचं बघा. चिलमीवर निखारा बोटानं ठेवतेत. जरा घाई न्हाई की काही न्हाई."

मी तेव्हा ते ऐकून सोडून दिलं.

पुढे छकड्याची कुणी, म्हणजे चाकाला आसावर अडवणारी खीळ, निखळली आणि चाक घरंगळत ओढ्यात गेलं. ते शोधून बसवण्यात दिवस मावळला. मुक्काम राजूरला केला आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पूर्णेचं पात्र ओलांडून गावात पोचलो.

नाव न लिहिलेलं गाव

गाव उंचवट्यावर, खाली नदी, नदीकाठी महादेवाचं देऊळ. शिवरात्रीला पाच दिवस उरले होते. देवळाच्या ओट्यावर चार गोसावी आधीच येऊन उतरले होते आणि आणखी येणार होते. वर्षभरात जेवढा माल खपतो, त्यातला पुष्कळसा या आठवड्यात जातो.

लक्ष्मणअप्पा चाळिशीचे असावेत. उंच, स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, कपाळाला भस्म. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं जरा आत वळलेली. त्यांनी मला पाटावर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. घरात दोघंच, ते आणि गयाबाई, त्यांची बायको. मूलबाळ नाही. दुकान म्हणजे घराची पुढची खोली.

मालाचं मडकं उघडलं आणि मला हात घालायच्या आधीच समजलं. वास आंबूस होता. कळी दाबली ती दबलेलीच राहिली. आतल्या बाजूला पांढरी बुरशी धरायला लागली होती.

"यात पाणी घातलंय," मी म्हणालो.

"महादेवाची आण," ते म्हणाले. "एक थेंब न्हाई घातला. माल बराबर हाय. कोरडा हाय चांगला."

इतका ओला माल हातात धरून माणूस तो कोरडा आहे असं शपथेवर सांगतो, याचा मला राग आला. तेवढ्यात ओट्यावरचे म्हातारे गोसावी सकाळी नेलेली पुडी घेऊन परत आले आणि त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली.

"अप्पा, हा गांजा हाय का शेवाळ?" त्यांचा आवाज शांत होता. "मला वलसर आवडतो, तुला ठावं हाय. पण ते पाणी मी घालतो. माझ्या अंगठ्यानं, माझ्या तळहातावर, मोजून दोन थेंब. दुकानातूनच वला आला तर मंग मी काय करू?"

लक्ष्मणअप्पांनी पुडी उचलली, चोळल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दुसरा देतो, बाबा." दुसरा म्हणून दिला तोही त्याच मडक्यातला. दाराच्या आड गयाबाई उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

माझ्या दृष्टीने काम झालं होतं. शेठांना हवं ते उत्तर मिळालं होतं. तरी उस्मानभाईंचे शब्द मनात होते, म्हणून एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जालन्याहून आणलेले तीन नमुने त्यांच्यापुढे ठेवले, तिन्ही एकाच फडक्याखाली झाकून.

"हात घालून सांगा, अप्पा. कोरडा कुठला, ओला कुठला."

ते हसले. फडक्याखाली हात घातला. पण ते हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. बराच वेळ गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"हा कोरडा," ते म्हणाले. तो सर्वांत ओला होता.

त्याच वेळी गोसावीबाबा आले आणि ओसरीवर बसून त्यांनी चिलीम भरली. यजमानाने निखारा द्यायचा ही तिथली पद्धत. लक्ष्मणअप्पा उठले, चुलीतून निखारा चिमटीत उचलून आणला आणि चिलमीवर ठेवता ठेवता माझ्याशी बोलायला थांबले. निखारा बोटात तसाच. ते मला सांगत होते की यंदा थंडी फार, म्हणून माल दमट वाटतो. मला करपल्याचा वास आला. त्यांच्या अंगठ्याजवळची कातडी पांढरी झाली होती. मी ओरडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या नजरेच्या रोखाने खाली पाहिलं आणि मग निखारा टाकला. बोटं धोतराला पुसली.

"सवय हाय," ते म्हणाले.

बाबांनी चिलीम पेटवली नाही. ती उलटी करून झटकली, साफीत, चिलमीच्या फडक्यात, गुंडाळली आणि नदीकडे निघून गेले.

आमच्या नगरला महारोगाचे असे दोन रोगी मला माहीत होते. एकाला गावाबाहेर काढलं होतं आणि दुसऱ्याने विहीर जवळ केली. आता मला वळलेली दोन बोटं वेगळी दिसायला लागली, भुवया विरळ दिसायला लागल्या. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला त्यांच्या घरचं जेवण गेलं नाही. भाकरी गयाबाईंनी केली होती, तरीही. पोट बरं नाही असं सांगून मी फक्त ताक प्यालो, आणि तेसुद्धा माझ्या तांब्यातून.

सकाळी नदीवर तोंड धूत होतो तेव्हा गयाबाई घागर घेऊन आल्या. घागर भरली नाही. थोडं अंतर राखून उभ्या राहिल्या.

"दादा, तुमी काल पाह्यलं."

"पाह्यलं."

"पाणी न्हाई शिंपडलं वो त्यायनी. त्यायला कळतच न्हाई." त्या भराभरा बोलायला लागल्या, जणू थांबल्या तर पुन्हा बोलता येणार नाही. "दोन वरसं झाली. बोटं मेल्यावानी झाली. तवापासून माल मीच पाहून घेते. म्या दाराआड उभी राह्यते, ते बोलून राह्यतेत, आन् म्या आतून कडी वाजवली का समजायचं, माल बराबर हाय. न्हाई वाजवली का परत धाडायचा. यंदा माल आला तवा म्या घनसावंगीला गेल्ते, मायेराला. माय आजारी होती. दीड महिना ऱ्हायले, मंग ती गेली. इकडं यायनी एकट्यानं माल घेतला. वला का सुका, काही समजलं न्हाई. आन् मडकं ठिवलं पाण्याच्या रांजणापाशी."

"तुम्ही कसा ओळखता?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कानानं. कळी कानापाशी धरायची आन् दाबायची. लई वाळला आसला तर कुरकुरतो. बराबर आसला तर दबतो आन् सोडल्यावर हळूच उमलतो, त्याचाबी बारीक आवाज येतो. वला आसला का गप."

तीस वर्षं वखारीत काढलेल्या माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं.

"तुमी शेठला काहीबी लिहा," त्या म्हणाल्या. "चोर म्हणून लिहा. दुकान जाईल, जाऊ द्या. पण ते नका लिहू. गावात समजलं तर यायला पांदीच्या पल्याड झोपडी घालून देतेल. आन् पाणी वरून वततेल."

मी म्हणालो, "माल वाळवू आधी."

त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. मी निर्णय टाळत होतो इतकंच म्हणतो.

दोन दिवस आम्ही तेच काम केलं. बुरशी धरलेला माल वेगळा करून, पंचांसमोर नदीत सोडला. चांगला राहिलेला घरामागच्या छपरात गोणपाटावर पसरला. उन्हात टाकला की वरून कडक होतो आणि आत ओल तशीच राहते, म्हणून सावली आणि वारा हवा. दर घटकेला उलथायचा. गयाबाई पदर खोचून बसल्या होत्या आणि मधूनमधून एक कळी कानापाशी नेत होत्या. मी माझ्या बोटांनी बघत होतो. आमची मतं एकदाच जुळली नाहीत आणि तेव्हा त्यांचं बरोबर निघालं. तिसऱ्या प्रहरी लक्ष्मणअप्पा येऊन छपराच्या खांबाला टेकून उभे राहिले.

"हिनं सांगितलं वाटतं तुमाला," ते म्हणाले.

"मी पाहिलं होतं."

"मंग आता?"

"जालन्याला दवाखान्यात चला."

ते भडकले. "तुमी मुनशी हाव का वैद? मालाचं बघायला आल्ते, मालाचं बघा! दवाखान्यात गेलो का तिथला झाडूवाला गावात येऊन सांगतो. आज लोक माझ्या हातून पुडी घेतेत. उद्या माझी सावलीबी घेणार न्हाईत."

गयाबाईंनी कळी खाली ठेवली. "तुमचा हात जळला तवा मला वास आला," त्या इतकंच म्हणाल्या. "तुमाला न्हाई आला."

लक्ष्मणअप्पा घरात निघून गेले.

शिवरात्रीला गाव नदीवर लोटलं. आमच्याकडे शिवरात्रीला भांग घोटतात, तिथे चिलमींचीच गर्दी. साबुदाणा कोणी खात नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी हा उपास. बाबांनी मडक्यातली कळी तळहातावर घेतली, तांब्यातले दोन थेंब घातले आणि अंगठ्याने मळायला लागले. चांगली दहा मिनिटं मळली, मऊ कणकेसारखी होईपर्यंत. शेजारच्या तरण्या गोसाव्याने त्याच मडक्यातला माल कोरडाच चुरून भरला आणि म्हणाला, पाणी घालणं हे म्हातारपण. दोघांमध्ये त्यावरून थोडी बाचाबाची झाली.

चिलीम तयार झाल्यावर बाबांनी लक्ष्मणअप्पांना हाक मारली. "अप्पा, निखारा." आणि स्वतःच्या झोळीतला लोखंडी चिमटा काढून त्यांच्यापुढे धरला. अप्पांनी चिमट्याकडे पाहिलं. देवळासमोर शंभर माणसं होती. बाबा चिमटा धरून राहिले. अप्पांनी तो घेतला.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "छकड्यात दोन माणसांची जागा हाय का?"

पुन्हा जालना

गावात आम्ही सांगितलं की रिकामी पोती आणि वाईट मालाचा पंचनामा घेऊन अप्पा माझ्याबरोबर शेठांच्या माणसाकडे चालले आहेत. ते खोटं नव्हतं. राजूरला उतरलो तेव्हा त्यांनी आपली भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून आणलेली दिसली. मला ते बरं वाटलं आणि मग त्याची लाज वाटली.

जालन्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तेलंगणाकडचे होते, तरुण, उर्दू आणि मराठी मिसळून बोलणारे. त्यांनी अप्पांना खुर्चीवर बसवलं, दंड उघडे करायला सांगितले, पाठीवरचे फिकट चट्टे पाहिले. मग एक टाचणी घेतली.

"डोळे बंद करा. टोचलं की हो म्हणा."

अप्पांनी डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी कोपरावर टोचलं.

"हो."

मनगटावर टोचलं. जरा उशिराने, "हो."

मग डॉक्टरांनी टाचणी टेबलावर ठेवली आणि हात मागे घेऊन स्वस्थ बसले.

"हो," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हो." आणि मग आणखी एकदा, "हो, लागलं."

"डोळे उघडा," डॉक्टर म्हणाले.

अप्पांनी डोळे उघडले. टेबलावरची टाचणी पाहिली. डॉक्टरांचे रिकामे हात पाहिले. इतका वेळ सरळ बसलेला तो उंच माणूस खुर्चीत खाली खाली गेला आणि फेट्याच्या शेवाने तोंड झाकून रडायला लागला. डॉक्टर थांबले. त्यांना घाई नव्हती.

रोग तोच होता. पण पसरलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. दर आठवड्याला कडू कवठीच्या तेलाची सुई घ्यायची, ती दुखते, दोन-तीन वर्षं घ्यावी लागेल. गेलेली बोटं परत येतीलच असं नाही, पुढची वाचतील. घरी राहायला हरकत नाही. ताटवाटी वेगळी ठेवा, विस्तवाला हात लावू नका, रोज रात्री निजण्यापूर्वी हातपाय डोळ्यांनी तपासा, कारण ते स्वतः काही सांगणार नाहीत. आठवड्याला जालन्याला येण्याचं निमित्त काय सांगायचं, हा प्रश्न उस्मानभाईंनी सोडवला. दर गुरुवारी मस्तगडात माल पाहायला यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी काही विचारलं नाही. मला वाटतं त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

शेठांना मी मस्तगडात बसूनच पत्र लिहिलं. पाणी शिंपडलेलं नाही. माल येताना पारखणारं माणूस घरी नव्हतं. दुकानदाराच्या बायकोला मालाची उत्तम पारख आहे, माझ्यापेक्षा चांगली. पुढे तिच्या पसंतीशिवाय माल देऊ नये. बाकी काही लिहिलं नाही. यातला एकही शब्द खोटा नाही, पण पत्र लिहिताना मला तीन वेळा फाडावं लागलं. शेठांनी दुकान ठेवलं. परवान्यावर नाव अप्पांचंच राहिलं आणि गयाबाई आता दाराआड उभ्या राहत नाहीत, पुढे बसतात. गिऱ्हाइकाला कसला लागतो तो कानाला लावून देतात, आणि आसपासच्या गावचे लोक ते बघायला येतात, असं उस्मानभाईंनी कळवलं आहे. गुरुवार अजून एकही चुकलेला नाही.

निघण्याच्या दिवशी अप्पा स्टेशनावर आले. पहिली सुई झाली होती आणि ते लंगडत होते. त्यांनी काखेत बाजारातून घेतलेला नवा चिमटा धरला होता. फलाटावर ते माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले आणि लांबूनच नमस्कार केला. गाडीची घंटा झाली. मी डब्याच्या पायरीवरून उतरलो, त्यांच्याजवळ गेलो आणि त्यांचा डावा हात हातात घेतला. मला भीती वाटत होती. तळहात कोरडा आणि खरखरीत होता. अप्पा गाडीकडे बघत होते आणि मला सांगत होते की वडलांना नमस्कार सांगा, पुढल्या माघात हुरड्याला या. मी हात धरला आहे हे त्यांना खाली पाहिल्यावर कळलं.